सारवायला आल्याली बाई

त्या दिशी घरात तिघीच हुतो, मी, माझी आई आन आमच्या ह्यांच्या सायबाची बायको. वल्या शेणाचा वास आला की अजून ते सगळं डोळ्यांम्होरं येतंय. कोल्लापुरात नवं बिऱ्हाड केल्यालं, भुईचं पोपडं निघाल्यालं. आई शाहूवाडीसनं यष्टीनं पांढऱ्या मातीचं गठुळं घिऊन आलती. तिनं त्या मातीनं भिंती पोतारल्या आन शेणानं भुई सारवाय बसली. तवर सायबाची बायको दारात. "अगं बया, किती झ्याक सारवलंय! कोण गं ही?" आईचं लुगडं फाटकं, कोपरापतोर शेण. माझ्या तोंडातनं निघालं, "रोजानं लावलीया, बाईसाब." आईचा हात भुईवरच थांबला. "मग उद्या आमच्या अंगणाला धाड की हिला!" मला वाटलं, आता आई बोलती. पर तिनं मान वर केली न्हाय. "येतो की, बाईसाब," म्हणाली. दुसऱ्या दिशी खरंच गेली. सगळं अंगण सारवून आली आन म्हणाली, "तुझं खोटं उघडं पडाय नगं म्हणून गेलतो." मला माफी मागाय जमलं न्हाय. आता घरात फरशी हाय, सारवाय कायबी न्हाय, आईबी न्हाय. वाचणाऱ्या पावण्यांनो, सारवणारी ती बाई कोण, आसं कुणी इचारलं तर सांगा, ती माझी आई हाय.