बाराखडीवर लावलेली पैज

मालिनीबाई गायधनींचा पहिलीचा वर्ग सुरू झाला की सबंध गावाला कळायचं. ‘क का कि की’चा घोष शाळेचे पत्रे हलवून थेट द्राक्षबागांपर्यंत पोचायचा आणि बागेत वाकलेल्या बायका कंबर सरळ करत म्हणायच्या, "चला, अकरा वाजले." ओझरच्या पलीकडचं हे लहानसं गाव. शाळा जिल्हा परिषदेची, शिक्षिका दोन. बाईंची नोकरी इथंच सुरू झाली होती. मधे बदल्यांवर पेठ, वणी फिरून त्या पुन्हा इथंच आल्या आणि आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आवाज मात्र निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता.

त्या आवाजाला घराण्याची परंपरा होती. बाई पंचवटीतल्या. वडील गोदाकाठी यजमानांचे विधी सांगायचे, तेही पोथी न उघडता. घरातली पोरं सातव्या वर्षी सूक्तं म्हणायची. ‘पाठ झालं की आलं’ हा त्या घरचा कायदा, आणि बाई तो रोज निमाणी स्टँडवरून बसनं शाळेत घेऊन यायच्या. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग धडा, आणि सगळं एका सुरात. ज्याला यायचं त्याला येतं. ज्याला येत नाही तो ढ, त्याला बाई तरी काय करणार?

जूनमध्ये अपूर्वा दुसरी शिक्षिका म्हणून आली. सिडकोत वाढलेली, सत्तावीस वर्षांची, बोलायला मऊ आणि मुद्द्याला चिवट.

"बाई, मुलांना आधी सहाच अक्षरं देऊ या," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "म, क, ल, ब, द, र. त्यांना लगेच काना जोडायचा आणि लगेच शब्द वाचायचे. काका, मामा, बाक."

"सहा अक्षरांत संसार थाटणार का ही पोरं?"

"मग पुढची सहा देऊ. अक्षराचा आवाज कोणता, दोन आवाज जोडायचे कसे, हे सरळ उघड करून सांगायचं. दर आठवड्याला एकेकाला जवळ घेऊन कुठे अडतंय ते बघायचं. अशानं जास्त मुलं वाचायला लागतात. हजारो मुलांवर अभ्यास झालेत, बाई."

"माझ्या हाताखालूनही हजारभर गेलीत. मी काय झोपा काढल्या?"

शब्दाला शब्द वाढत गेला आणि गाडी पैजेवर आली, कारण हरणं माहीत नसलेल्या माणसाला पैज लावायची फार हौस असते. पहिलीत चोवीस मुलं होती. बारा बाईंची, बारा अपूर्वाची. जानेवारीत परीक्षा, तीही मुलांनी कधी न पाहिलेल्या मजकुरावर. जी हरेल तिनं सव्वीस जानेवारीला गावासमोर उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणायचं. ही अट बाईंचीच. अपूर्वाची अट एकच होती.

"मुलं निवडायची नाहीत. तुम्ही हुशार उचलाल आणि मीही तेच करीन. चिठ्ठ्या टाकू."

चिठ्ठ्या काढायला कुसाबाईंना बोलावलं. कुसाबाई शाळेची खिचडी शिजवायच्या आणि त्यांना वाचता येत नव्हतं. याहून निःपक्षपाती पंच जिल्ह्यात मिळाला नसता. पदराला हात पुसून त्यांनी तांदळाच्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढली. त्यांचा स्वतःचा नातू हर्षल निघाला बाईंच्या बारात.

"माझा हर्षल मोठ्या बाईकडं? लय बेस झालं!" त्या हरखून म्हणाल्या. "त्याच्या बापालाबी बाईनीच शिकवलं हाय."

दिवाळीपर्यंत बाई निवांत होत्या. त्यांची बारा मुलं बाराखडी अशी म्हणत की ऐकणाऱ्यानं डोलावं, आणि हर्षलचा आवाज तर सगळ्यांच्या वर. पलीकडे अपूर्वाच्या चटईवर नुसती कुजबुज, पुठ्ठ्याची कार्डं आणि खिदळणं. ‘ज्ञ’चा तर पत्ताच नव्हता. बाईंना त्या बारा लेकरांची मनापासून कीव यायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी अपूर्वा म्हणाली, अर्ध्यावर एकदा चाचपून पाहू. तिची मुलं बाईंनी घ्यायची, बाईंची तिनं. कार्डावर एकच ओळ होती: ‘मामी, माकड बादलीत बसलं!’

बाईंसमोर पहिली आली वैष्णवी, वेणीला रबर लावलेली चिमुरडी. तिनं कार्डावर बोट ठेवलं, ‘मामी’ म्हणाली, पुढं सरकली, ‘बादलीत’पाशी जरा थबकली आणि मग एकदम खो खो हसत सुटली. "माकड बादलीत! बाई, पानी सांडंल ना!" दुसरा आला, तोही हसला. बारांतले दहा जण हसले. हसायला आधी कळावं लागतं, हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी मान वळवून पलीकडे पाहिलं. हर्षल कार्ड घेऊन उभा होता. "म मा… मा. म मा मि मी… मी." मग ‘माकड’. ‘बादलीत’ला त्यानं ब पासून सुरुवात केली, मग द, मग ल ला लि ली. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत पोराला घाम फुटला होता.

"कोण बसलं रे, हर्षल?" अपूर्वानं हळूच विचारलं.

हर्षलनं छताकडे पाहिलं. "मामी, बहुतेक."

"पुस्तकातलं विचार त्याला!" बाई कडाडल्या. हर्षलनं पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अपूर्वानं धड्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. हर्षलनं डोळे मिटले आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या आणि स्वतःवर, अपूर्वावर, त्या माकडावरसुद्धा चिडल्या. बाहेर पाट्या पळत होत्या. टायर, मिसळ, कृषी सेवा केंद्र. बाई त्या वाचत होत्या, आणि एकाही पाटीला त्यांना क पासून निघावं लागलं नव्हतं. सूक्तं त्यांना वडिलांनी शिकवली होती, ती कानानं. वाचायला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ते त्यांचं त्यांना आपोआप जुळलं होतं, जसं दर वर्गात काहींना जुळतंच. ज्यांना जुळलं त्यांचं श्रेय त्यांनी बाराखडीला दिलं होतं. ज्यांना नाही जुळलं त्यांना काय दिलं होतं, ते आठवून बाईंना भर बसमध्ये रडू आलं.

सुट्टी संपल्यावर त्या आल्या त्या थेट अपूर्वाच्या चटईवर आपली बारा मुलं घेऊन.

"अहो बाई, पैज जानेवारीपर्यंत आहे," अपूर्वा गोंधळली. "अर्ध्यावर सोडलं तर पुरावा अर्धाच राहील."

"मला पुरला. माझ्या पैजेपायी या बारा जणांचे आणखी दोन महिने जायचे काय? सरक तिकडे, मला बसू दे."

पुढचे दिवस असे मजेत गेले की बाईंना आपण नोकरीला नव्यानं लागलो असं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू आवाजात बोलल्या. एकेका पोराला मांडीशी घेऊन दोन आवाज जोडताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, हे काम भलतंच गोड होतं. अपूर्वा चुका दाखवायची आणि बाई कुरकुरत ऐकायच्या. बाराखडी त्यांनी टाकली नाही. ती आता खिचडीच्या रांगेत, पोरांनी अक्षरं नीट ओळखल्यानंतर, गाण्यासारखी व्हायची. डिसेंबरात एक दिवस हर्षल तांदळाच्या पोत्यासमोर थबकला, ओठ न हलवता क्षणभर पाहत राहिला आणि ओरडला, "आजी, यावर ‘तांदूळ’च लिवलंय!" कुसाबाई म्हणाल्या, "मंग काय शेंगदाने लिवत्याल का?" पण पुढं अर्धा तास त्यांनी पातेल्यात पळी फिरवली नाही आणि त्या दिवशी सगळ्यांनी खाली लागलेली खिचडी आनंदानं खाल्ली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. बाई पायरीवर उभ्या राहिल्या. अपूर्वा हातानं ‘नको, नको’ करत होती.

"मी पैज हरले," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "या गावातल्या पोरांना मी बाराखडी पाठ करायला लावली आणि त्यालाच वाचन समजले. माझं चुकलं."

बाईंनी माफी मागावी हे कुणाला पचेना. तेवढ्यात मागून हर्षलचा बाप, बहिरू, उभा राहिला. पस्तिशीचा, तीन एकर बागेचा मालक.

"बाई, एक सांगू का? फवारनीच्या बाटलीवरचं नाव वाचायचं म्हनलं की मला अजूनबी मनात क का कि की करावं लागतं. दुकानदार इचारतो, काय पुटपुटतो रं?" लोक हसले. बहिरूही हसला, मग त्याचा आवाज खाली आला. "हर्षलला नाय तसं करावं लागत. मला इतकी वर्षं वाटायचं, मीच ढ हाय."

बाई पायरी उतरून, चटयांवरच्या पोरांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेल्या.

"नव्हतास रे," त्या म्हणाल्या. "मी तुला शिकवलंच नव्हतं."

बहिरूनं बाहीनं डोळे पुसले. "मंग आता शिकवा की. मी काय पळून चाललो का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बहिरू आला, आणि एकटा आला नाही. त्याच्या वेळच्या पहिलीतले आणखी चौघे मिशीवाले त्याच्याबरोबर होते. हातातल्या टोप्या चुरगाळत ते मुलांच्या चटईवर गुडघे मुडपून बसले. बाईंनी पाचही जणांना नावानं हाक मारली, एकही नाव चुकलं नाही. त्या पाचही जणांना त्यांनी कधीतरी भर वर्गात ढ म्हटलं होतं, आणि पाचही जण हसत आले होते.