शनिवारचे चीफ

प्रिय इरा आणि नचिकेत,

गेल्या शनिवारी तुम्ही विचारलंत, वायरवाले आजोबा हल्ली का येत नाहीत. मी म्हटलं, गावाला गेलेत, आणि तुमच्या शाळेचा विषय काढला. ते खरं नव्हतं. ते होळीनंतर वारले. पडद्यावर तुमच्या तोंडाकडे बघत मला ते सांगवेना, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला त्यांचा फक्त हात माहीत आहे. बाकीचा माणूस कसा होता, ते आता मीच सांगायला हवं.

नागावात त्यांना सगळे चीफ म्हणत. मालवाहू जहाजांवर त्यांच्याकडे विजेचं काम असे. निवृत्त होऊन ते आमच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या, पलीकडच्या घरात कायमचे आले, आणि त्या घरात सुटी अशी वस्तू उरली नाही. कॅलेंडर चार स्क्रूंनी भिंतीत पक्कं. साखरेचा डबा लोखंडी कड्यात. देवापुढची समईसुद्धा खालून आवळलेली. ती घासायची तर आधी पाना शोधावा लागतो, अशी त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, तक्रार असे. मी एकदा हसले तर म्हणाले, "वैनी, घर हलत न्हाय असं तुम्हाला वाटतं."

शेवटच्या सफरीहून येताना त्यांनी जपानमधून सिनेमे दाखवायचं एक मशीन आणलं होतं. त्या सुमारास लख्ख चित्राच्या दोन नव्या डिस्क निघाल्या होत्या, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. दिसायला सारख्याच, पण एकीच्या मशीनवर दुसरी चालत नसे. दोन्हींपैकी एक निवडावीच लागे. चीफनी एचडी डीव्हीडी निवडली, आणि फळीभर इंग्रजी सिनेमे तिचेच घेतले. कारण विचारलं की ते पुरणपोळीचं उदाहरण देत. एचडी डीव्हीडीत चित्र पुरणासारखं मधोमध असतं, ब्लू-रेत ते वर तूप फासल्यासारखं अगदी पृष्ठभागाशी असतं. आमच्याकडे दारापर्यंत वाळू, हवेत मीठ. चरा पडला तर आधी कुठली जाईल? तुमचे आजोबा त्यांना डिवचत, अहो पण ब्लू-रेत मावतं जास्त. त्यावर चीफ म्हणत, कोठार मोठं हाय, पण पत्रा पातळ.

थोड्याच काळात सिनेमावाल्या कंपन्या एकेक करून ब्लू-रेकडे गेल्या आणि एचडी डीव्हीडी निघायची बंद झाली. आजोबा पेपर घेऊन मुद्दाम गडग्याशी गेले. म्हणाले, चीफ, तुमचं जहाज बुडालं की.

"जहाज न्हाय बुडालं," चीफ म्हणाले. "बंदर बंद झालं."

वायरींबद्दलही त्यांचं असंच मत होतं. त्यांच्या टीव्हीला डीव्हीआय नावाची जाड वायर होती. तिच्यातून नुसतं चित्र जाई, आवाजाला दुसरी वायर लागे; पण तिच्या दोन बाजूंना दोन स्क्रू होते. एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, पण ती नुसती खुपसायची. जी वायर आवळता येत नाही तिचा भरवसा कसला, हे त्यांचं म्हणणं. चित्रात मात्र फरक नाही, हे ते स्वतःच सांगत. दोन्हींतून जातात ते आकडेच. अलिबागहून कुणी सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर आणली की त्याला हमखास ऐकवत, की आकडा एकतर पोचतो, न्हायतर पोचत न्हाय. सोन्यानं दोनाचे तीन व्हत न्हाईत. खाऱ्या हवेनं टोकं हिरवी पडू नयेत म्हणून दर आठवड्याला ती स्पिरिटनं पुसत.

शनिवारी संध्याकाळी सातला त्यांच्याकडे सिनेमा असे. सुरुवातीला सगळी आळी यायची. मग घरोघरी होम-स्टे झाले, शनिवार-रविवार पाहुण्यांचे झाले, आणि सिनेमे प्रत्येकाच्या खिशात आले. काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या त्या नातवासाठी तिकडेच राहिल्या. दर मे महिन्यात येत, आंबे उतरवून घेत, पण सिनेमाला बसत नसत. ते इंग्रजी धडामधुडूम कोण बघणार, म्हणत. शेवटी आजोबा आणि मी, आणि आजोबा गेल्यावर मी एकटीच. नवी डिस्क मिळत नव्हती, म्हणून तीच फळी पुन्हा पहिल्यापासून. खुर्च्या मात्र चीफ पहिल्याइतक्याच मांडत.

मग तुमच्या आईनं लॅपटॉप पाठवला. तुम्ही मला मोठ्या पडद्यावर दिसावेत, अशी तिची इच्छा होती. माझ्या टीव्हीला एचडीएमआयच लागत होती. चीफनी ती हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केली. पोरं किती वाजता येणार, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्यांची तिकडे सकाळ असते तेव्हा, आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी सातला. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी काय सांगते आहे. त्यांच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

"मग सातच बरोबर," ते म्हणाले. "आपला पिक्चर काय, तोंडपाठ हाय."

वायर निसटू नये म्हणून त्यांनी पितळेची एक पट्टी कापून टीव्हीमागे बसवली. तरी पहिल्या दिवशी ते लॅपटॉपशी वायर धरूनच उभे होते, आणि कडेनं त्यांचा हात तुम्हाला दिसला. नचिकेतनं विचारलं, तिकडे कोण आहे? मागून उत्तर आलं, "वायर." तुम्ही दोघं इतके हसलात की ते नाव कायम झालं.

त्यानंतर ते दर शनिवारी सातच्या आधी वायर तपासायला येत. ती तपासायची काहीच गरज नव्हती. मग कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं खुर्ची ओढून बसत, आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत ऐकत. समोर या म्हटलं तर नको म्हणत. पोरं तुमची हायत.

आजारी पडले तेव्हा काकू आल्या. अलिबागच्या दवाखान्यात शेवटचे काही दिवस त्याच त्यांच्याजवळ होत्या. तेराव्यानंतरच्या शनिवारी त्या गडग्याशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे काय बघायचे ते मला एकदा दाखवा. तुमच्या आईला निरोप धाडून मी त्यांच्याबरोबर गेले. मशीन लावलं, आम्ही दोघीच बसलो. काकूंना गोष्ट फारशी कळत नव्हती, मीही समजावून सांगत नव्हते. अर्ध्यावर एके ठिकाणी माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आता मोठा आवाज होईल हं."

पडद्यावर स्फोट झाला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हे ते सांगायचे का? मी म्हटलं, हो. मी दचकते म्हणून, दर वेळी, आधीच.

"मला न्हाय कधी सांगितलं," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी बसलेच न्हाय कधी."

सिनेमा संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. परवा त्या पुण्याला परत गेल्या. घराची किल्ली माझ्याकडे आहे. मशीन अजून चालतं, आणि एकाही डिस्कवर चरा नाही.

तुमची,
आजी