पडलं कोण?

"पडलं कोण?" गर्दीची बातमी नेली की काकांचा पहिला प्रश्न हाच. चष्मा कपाळावर, हातात लाल पेन. राजारामपुरीतल्या आमच्या पेपरात ते मुद्रितं तपासायचे.

मी नवी होते. साड्यांच्या सेलला बायकांची गर्दी उसळली, दुकानाची काच फुटली. मी झोकात मथळा दिला, 'सेलमध्ये चेंगराचेंगरी'.

"पडलं कोण?"

"कोणी नाही, काका."

"मग झुंबड लिही. लईच झालं तर रेटारेटी. माणूस खाली पडतंय आणि मागचं थांबत न्हाई, तवा चेंगराचेंगरी. उगंच वापरायचा शब्द न्हाई त्यो."

आता तुम्हीच सांगा, पानं छपाईला सोडायची घाई आणि हा माणूस एका शब्दासाठी अडून बसलेला. वैताग यायचा हो!

पुढं एका यात्रेत खरंच माणसं गेली. मी दवाखान्यातून आकडा आणला. काका म्हणाले, "आकडा नको, नावं आण."

दिवसभर पायपीट झालेली, मी तडकले. "नावं कोण वाचतंय, काका?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझी आई अशीच गेली. चप्पल सुटली म्हणून वाकली. माझ्या हातात हात हुता तिचा. मागचं कोण थांबलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, चार ठार. नाव कुठंच न्हाई. सगळी पानं उलटून बघितली की मी."

मला माझीच लाज वाटली. तशीच दवाखान्यात परत गेले आणि नावं आणली.

काका निवृत्त झाले. आता त्यांच्या खुर्चीत मी. पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, आणि रोज कुठं ना कुठं 'चेंगराचेंगरी' असतेच. कधी सेलला, कधी फुकट वह्या वाटताना. खोडून खोडून जीव विटला.

मागच्या महिन्यात आमच्या वार्ताहराचा फोन आला. "मॅडम, एस.टी. लागली, रुमाल टाकून जागा धरायला लोक पळाले. धक्क्यानं एक म्हातारे पडले, गेले. चेंगराचेंगरी लिहू?"

"पडलं कोण?" मी सवयीनं विचारलं.

तो हळूच म्हणाला, "आपले काका, मॅडम."

मी कसंबसं विचारलं, "मागचे थांबले का रे?"

"थांबले की. सगळेच थांबले. चौघांनी उचलून रिक्षात घातलं. एक बाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेली."

त्याची बातमी आली, तिच्यातली 'चेंगराचेंगरी' मी खोडली. पहिल्या ओळीत काकांचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'लोक थांबले.'