पाण्यामागे सरकणारी खाट

गावात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. शिवणकामामुळे नव्हे, जिभेमुळे. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. त्यापायी लग्न राहून गेलं, पण ते उगाळत बसणाऱ्यातली ती नव्हती. "मापं घ्यायला नवरा लागत नाही," म्हणायची आणि सुईत दोरा ओवायची.

हा भाऊ वर्षापूर्वी खाऱ्या सरोवरावर राखणदार म्हणून गेला. वस्तीपासून लांब, उजाड माळाच्या मधोमध ते पाणी. मीठ काढणाऱ्या कंपनीचा तिथे पंप होता, तो सांभाळायचा, बस्स. आधी तो रोज फोन करायचा, मग आठवड्याने. शेवटच्या फोनवर म्हणाला, "ताई, इथे फार बरं वाटतं. कोणी बोलत नाही." आणि फोन न ठेवताच गप्प झाला. नुसता वारा ऐकू येत राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती मिठाच्या ट्रकमध्ये बसली.

ट्रकवाला बडबड्या होता, पण शेवटचं झाड मागे पडलं तसा तोही मुका झाला. पुढे सगळं पांढरं. पक्षी नाही, माशीसुद्धा नाही. पंपाजवळ गाडी थांबवून तो म्हणाला, "माल भरला की मी निघालो. उशीर करू नका, बाई. इथे मी मुक्काम करत नाही."

भावाच्या खोलीत स्टोव्हवर धूळ होती, आणि खाट नव्हती. बाहेर मिठात खाटेच्या चार पायांचे ठसे उमटले होते. थोडं पुढे आणखी चार, मग आणखी. ते सरळ सरोवराकडे गेले होते. ती त्यांच्यामागे चालत राहिली. अगदी पाण्याच्या कडेला खाट होती, आणि खाटेवर भाऊ.

"हे काय रे खूळ?"

तो दचकलासुद्धा नाही. ओठ फुटलेले, डोळे लालभडक. "पाणी आटतंय, ताई. ते मागे सरकतं, मग मीही सरकतो."

"कशाला पण?"

"एकटं कसं सोडायचं त्याला?"

एरवी तिने फाडकन उत्तर दिलं असतं. आज तिने आधी पाण्याकडे बघितलं. पाणी गुलाबी होतं, त्यावर एक तरंग नव्हता, आणि तो तिच्याशी बोलताना पाण्याकडे बघत होता.

त्याच्या नजरेसमोर यावं म्हणून ती खाटेला वळसा घालून पुढे झाली, तोच पायाखालचा थर कडकन मोडला. गुडघ्यापर्यंत पाय आत गेला. खाली काळा, कोमट चिखल. कुजका वास वर आला. तिने पाय ओढला, तसा तो आणखीच रुतला.

"अरे, बघतोस काय!"

तो खरंच नुसता बघत होता. जणू ती कोणी परकी बाई. मग एकाएकी भानावर आला, "ताई!" म्हणून ओरडला, पोटावर आडवा पडला आणि तिच्या काखेत हात घालून त्याने तिला बाहेर खेचलं. पोटरी सोलून निघाली होती, त्यावर मिठाची आग.

"मला चालवत नाही. दवाखान्यात ने," ती म्हणाली. दात आवळून चालवलं असतं खरं तर. पण तिने सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला. ट्रकमध्ये चढतानासुद्धा त्याचा दंड सोडला नाही.

आता भाऊ तिच्या दुकानात इस्त्री करतो. जेवतो, झोपतो, कोणी चिडवलं तर हसतोही.

परवा ट्रकवाला पॅन्ट आखूड करून घ्यायला आला. "बरं झालं ह्याला आणलंत," तो सहज बोलून गेला. "खोली, पंप, सगळं खचलं तिकडे. हे एवढं भगदाड पडलंय."

भावाने इस्त्री उभी केली. "पाणी वर आलंय का त्यात?"

"वाकून बघायला कोण जातंय, बाबा!"

भाऊ इस्त्रीची वायर काढून नीट गुंडाळू लागला. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असताना, कात्रीबाई उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली.