जागा धरायला नेलेली सासू

मी आयुष्यात एकदाच माझ्या सासूला "आडव्या पडा" असं सांगितलं, आणि ती उठलीच नाही.

मेली नाही. मेली असती तर गोष्ट इथेच संपली असती आणि मी एवढं लिहायला बसले नसते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला लिहायचा सोस नसतो. पण आमच्या घरात ही गोष्ट जो तो आपल्या मनासारखी सांगतो, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत मी फार गुणाची सून असते. ते खोटं आहे. म्हणून खरं काय ते लिहून ठेवते.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मालवणात आमचं घर किनाऱ्यालाच, धंदा मासेमारीचा. नवरा मात्र मुंबईला गोदीत कामाला. लग्न झालं, पंधरा दिवसांनी हे आगबोटीत बसून गेले आणि मी राहिले सासूजवळ. तीन वर्षं! घरात धाकटा दीर बाबल आणि त्याची बायकोही होती, पण सासूचं सगळं लक्ष माझ्यावर. ती बाजारात मासे विकायची. आवाज असा, की ती बंदरावर "बांगडे!" ओरडली की घरी आमचं मांजर उठून बसायचं. माझ्या हातचं तिला काही पसंत नाही. कालवण केलं तर पातळ, भाकरी केली तर जाड. मी शिंकले तर म्हणायची, "हळू शिंक गो, सुकत घातलेली मासळी उडात!"

अशात नवऱ्याचं पत्र आलं. खोली मिळाली, लगेच ये. मी ते चार वेळा वाचलं. सासूला एकदाच वाचून दाखवलं. शेवटची एक ओळ तेवढी राहिली. अक्षर फार बारीक होतं. (नव्हतं.)

मे महिन्याची सुरुवात होती. पावसाळ्यात आगबोटी बंद व्हायच्या त्या गणपती होऊन गेल्यावर सुरू. म्हणजे आता निघाले नाही, तर आणखी चार-पाच महिने सासू आणि मी! मी दुसऱ्याच दिवशी ट्रंक भरली.

शेजारच्या शेवंतीकाकीने तीनदा मुंबई केली होती. ती मला शिकवायला आली.

"डेकार जागो धरूक व्हयो," ती म्हणाली. "इंजिनाजवळ नको, भाजून निगशीत. संडासाकडे नको, कारण सांगूक नको. मिया एकदा उशिरा गेलंय तर मुंबय येयसर दोराच्या वेटोळ्यार बसलंय, कोंबडी खुडूक बसता तशी!"

"चटई टाकलंय की झाला नाय?"

"चटई लोक पायान सरकवतत गो. ट्रंक उचलून बाजूक ठेवतत. म्हातारा माणूस आडवा पडलेला आसला तर कोण हात लावणा नाय!"

ही काही तिची एकटीची अक्कल नव्हे. सगळी वाडी असंच करायची. बोट खडकांमुळे लांब उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. पोचवायला आलेलं एखादं माणूस वर चढायचं, ऐसपैस आडवं व्हायचं, आणि भोंगा झाला की उठून पडावाने परत. तेवढ्यात बाकीच्यांच्या जागा धरून झालेल्या असायच्या. मग सगळी जागा आपली!

आता आडवं पाडायला माणूस कोण? बाबल काडीसारखा. जाऊ त्याहून बारीक. रुंदी म्हणाल तर आमच्या घरात एकाच माणसाला होती.

सासू आधी तयारच होईना. चाळीस वर्षं समुद्रावर जगलेली बाई, पण होडीत कधी पाय ठेवला नव्हता. आमच्यात बाईने होडीत चढायचं नसतं.

"माका बोटीर चडवतलंस? माका?"

"आगबोट म्हणजे काय होडी नाय, आये. आणि वायच येळ. भोंगो झालो की तुमी खाली."

तिने एकदा माझ्या ट्रंकेकडे बघितलं. मग म्हणाली, "बरा. उशाक एक गाठोडा घेतंय."

घ्या की! मला काय, गाठोड्याने जागा आणखी वाढेल एवढंच दिसलं.

सकाळी आम्ही तिघं पडावात बसलो. सासूने डोळे मिटून रामेश्वराला नारळ बोलायला सुरुवात केली. बोटीच्या शिडीपाशी पोचेपर्यंत पाच नारळ झाले. वरून दोन खलाशी ओढतायत, खालून बाबल रेटतोय आणि मधे सासू.

"रे मेल्या, नीट धर! बांगडो न्हय मी, हातातून निसटाक!"

ती वर पोचली तेव्हा खलाशी खाली बसून दम खात होते.

मी तोवर धावत जाऊन डेकच्या मधोमध अशी जागा पकडली, की इंजिन लांब, संडास लांब, वर ताडपत्री, एका बाजूने वारा. सतरंजी पसरली, शेजारी चटई, तिच्या शेजारी वाकळ. एवढ्या जागेत आमच्या वाडीतलं लग्न लागलं असतं!

"आये, आडव्या पडा."

ती पडली. मला जरा चेव आला. तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच काही सांगत होते.

"पाय लांब करा. आणखी. हात पसरा. आता घोरा."

"घोरू?"

"घोरणाऱ्या म्हातारेक कोण उठवणा नाय. आणि आये, कोणी कायव सांगल्यान तरी जागो सोडू नकात!"

"सोडूचंय नाय," सासू म्हणाली, आणि तिने असं घोरायला घेतलं की इंजिन सुरू झालं समजून दोघांनी देवाला हात जोडले.

थोड्याच वेळात मसुऱ्याची एक जाडजूड बाई आली. काखेत फणस. फणस केवढा, तर तिला नातू असता तर तेवढा.

"गो बाये, म्हातारेक पाय आखडूक सांग. माजो फणस ठेवतंय."

"तेंका बरा नाय," मी म्हटलं. "निजलेत."

"फणस आपल्या मांडयेर ठेव!" सासू डोळे मिटूनच म्हणाली.

"अगे बाय, ही तर जागी आसा!"

"मी झोपेत बोलतंय!"

"झोपेत माजो फणस दिसलो?"

"वास इलो!" सासू म्हणाली. "बरको आसा. कापो नाय."

फणस खरंच बरका, मऊ गऱ्यांचा निघाला. नुसत्या वासावरून ओळखला म्हणून मसुऱ्याची बाई एवढी खूश झाली की ती सासूच्या पायाशी बसलीच! सासूने आपणहून पाय आखडले. हे काही मी सांगितलं नव्हतं.

इतक्यात भोंगा झाला. पोचवायला आलेली माणसं शिडीकडे निघाली.

"आये, उठा. भोंगो झालो."

घोरणं.

"आये, आता नाटक पुरे!"

घोरणं वाढलं. खालून बाबल हाका मारायला लागला, "आये गो! येतंस काय नाय? पडाव सुटता!" मी तिचा खांदा धरून हलवला. एक डोळा उघडला.

"कोणी कायव सांगल्यान तरी जागो सोडूचो नाय. तुयाच सांगलंस."

"अहो, पण आता मीच सांगतंय!"

"मगे तू काय कोणी न्हय?"

दुसरा भोंगा झाला. मी तिला काखेत हात घालून उभी केली. ती उभी राहिली, समुद्राकडे बघितलं, आणि "माका घेरी इली गो!" म्हणून पुन्हा सतरंजीवर. तिला उचलून खाली न्यायची म्हणजे मलाही उतरायला हवं. मी उतरले तर बोट जाणार, आणि गणपतीपर्यंत मी मालवणात. मी शिडीकडे बघितलं. सासूकडे बघितलं. तेवढ्यात खलाशांनी शिडी ओढून घेतली!

मी कठड्याकडे धावले. "भावजी, थांबा! आये वरच आसत!"

पडाव बराच लांब गेला होता. बाबलने ऐकलं. तोंड उघडं टाकून क्षणभर बघितलं. मग त्याने हात हलवला. जरा जास्तच आनंदाने हलवला! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आता घरी तो आणि माझी जाऊ, दोघंच. तीन वर्षं नवस मी करत होते, आणि देव पावला जावेला.

माझी एक आशा शिल्लक होती. देवगड! पुढचं बंदर देवगड आणि तिथे सासूची मावसबहीण राहायची. दुपारी तिथे उतरवली की कोणाबरोबर तरी मालवणला परत जाईल. सासूला खूश ठेवायचं, गोडीत उतरवायचं. मी तिचे पाय चेपले. माझ्यासाठी बांधून आणलेली तळलेली सुरमई तिला दिली. तिने ती मसुऱ्याच्या बाईबरोबर वाटून खाल्ली.

"मीठ कमी," सासू म्हणाली.

"आमची सून असाच करता," मसुऱ्याची म्हणाली.

मग दोघींनी सुनांचा विषय काढला. माझ्यासमोर! त्या बोलायला पसरल्या तशी जागा कमी होत गेली. आधी मी वाकळेवर होते, मग चटईच्या काठावर, मग उभी.

तिकीट तपासणारे मास्तर आले. त्यांना बघून सासू एकदम शुद्ध बोलायला लागली.

"मी प्रवासी नाही हो. मी जागा धरायला आलेली आहे."

"कोणासाठी?"

"हिच्यासाठी."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "मग या उभ्या का?"

"तिला सवय आहे," सासू म्हणाली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि तिचं देवगडपर्यंतचं तिकीट फाडलं. "देवगडला उतरायचं, आजी. नक्की!" मी मान एवढ्या जोरात हलवली की अंबाडा सुटला.

देवगड आलं. पडावांतून आंब्याच्या पेट्या वर चढायला लागल्या. खालची जागा भरली, तशा खलाशांनी त्या डेकवर रचल्या. आमच्या सतरंजीच्या तिन्ही बाजूंना पेट्यांची भिंत! सासू हापूसच्या वासात मधोमध बसलेली, जशी काय फळं-पानं टांगलेल्या माटवीखाली गौर.

"आये, देवगड इला. उठा."

"चडाक दोन खलाशी लागले," ती म्हणाली. "उतराक चार लागतले. खंय गरिबांका त्रास देतंस?"

मास्तर आले. "आजी, देवगड!"

सासूने डोळे मिटले, पाय लांब केले, हात पसरले आणि घोरायला लागली. अगदी मी शिकवलं होतं तस्संच! मास्तर वाकले, "अहो आजी" म्हणाले, दोनदा खाकरले, आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घोरणाऱ्या म्हातारीला उठवायचं तरी कसं?"

उठवता येत नाही, हीच तर युक्ती होती! मी पदराची गाठ सोडली आणि तिचं मुंबईपर्यंतचं तिकीट काढलं.

बोट देवगडहून सुटल्यावर सासू ताजीतवानी उठून बसली. उशाचं गाठोडं सोडलं. आत काय असावं? तीन लुगडी, मिसरीची डबी, कोकमं, सुके बोंबील आणि माझ्या ट्रंकेत असायला हवं होतं ते नवऱ्याचं पत्र!

"ह्या तुमका खंय मिळाला?"

"तू तळ्यार गेलेलंस तेवा काढलंय. पोस्टमनान वाचून दाखवल्यान. आख्खा." तिने शेवटच्या ओळीवर नेमकं बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण ओळ पाठ होती. "'आयेक पण घेवन ये.' अक्षर काय बारीक नाय म्हणालो तो."

तोंड लपवायला जागा नव्हती, आणि बसायलाही. शेवटी इंजिनाजवळ दोराचं एक वेटोळं सापडलं, त्यावर बसले. कोंबडी खुडूक बसता तशी.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या धक्क्यावर हे उभे. आईला बघितलं आणि एवढा मोठा पुरुष रडायचा बाकी राहिला.

"आये! तू इलंस? बोटीक भियालंस नाय?"

"सुनेन जागो धरल्यान ना माज्यासाठी," सासू म्हणाली. "सगळ्या बोटीत बेस जागो! आपण इंजिनाकडे बसली आणि माका आडवी केल्यान."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसे लग्नातसुद्धा बघितले नव्हते. तासाभरात ही गोष्ट सगळ्या चाळीत झाली. शेजारणी आपापल्या सुनांना आणून मला दाखवायला लागल्या. "बघ, शीक काहीतरी!" त्या सुना माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत.

खोलीला खिडकी एकच. सासूने चारी बाजूंना बघितलं, खिडकीखाली वाकळ पसरली आणि आडवी झाली.

"आये, ती जागा आमची..." मी म्हणायला गेले.

एक डोळा उघडला.

मी सतरंजी दाराशी अंथरली. गणपती होऊन बोटी सुरू झाल्या, सासू हलली नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. चौदा वर्षं ती त्या खिडकीखाली राहिली. लोक अजून म्हणतात, हिने सासूचं फार ऐकलं. साफ चूक. मी तिचं काहीसुद्धा ऐकलं नाही. तिने माझं ऐकलं. एकदाच ऐकलं, पण चौदा वर्षं ऐकलं.