दुसऱ्याच्या नावाची तीन इंजेक्शनं

फरजानाबाई बोलायला लागल्या की आवाज दवाखान्याच्या गेटापर्यंत जातो. आमच्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाची एक खोली हाय. रोग्यांना समजावून सांगायचं काम बाईंचं, इंजेक्शन द्यायचं माझं. आधी बाप्ये तोंडाला रुमाल बांधून यायचे अन् नाव विचारलं की पळायचे. बाई मोठ्या साहेबांशी भांडभांड भांडल्या, "नाव नको, नुसता नंबर लिहा!" मग कुठं माणसं यायला लागली. तरी कुणी लाजलंच, तर बाई म्हणायच्या, "आता कावून लाजता? तवा लाज कुठं गेलती?"

लिंबागणेशकडच्या एका बड्या घरची सून चौथ्या महिन्यात आली. रक्तात गरमी निघाली, म्हणजे सिफिलिस. बाईंनी तिचा हात धरून सांगितलं, "पोटातल्या लेकरालाबी लागते ही. दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं तुला अन् तीन नवऱ्याला. त्याची होईपर्यंत त्याला जवळ येऊ द्यायचं न्हाई." नवऱ्यासाठी नंबरचं कार्ड दिलं. नवरा युवराज, गावच्या पुढाऱ्याचा पोरगा.

पोरीनं एक तारीख चुकवली न्हाई. नवऱ्याचं कार्ड घेऊन एक दांडगा गडीबी तीन आठवडे आला. ते इंजेक्शन लई दुखतं. बिचारा लंगडत लंगडत जायचा. मीच दिलं, शिक्काबी मीच मारला. बाई खूश. "नवरा असावा तर असा!"

आठव्या महिन्यात एका सकाळी दवाखान्यापुढं जीप थांबली. पोरीचा चेहरा पांढराफटक. दोन दिवस लेकरू हललं नव्हतं. मागून पिशवी घेऊन तोच गडी.

"बरं झालं, नवरा संगं हाय," बाई म्हणल्या.

"अगं बया! नवरा कुठला? हे सटवाभाऊ, आमचे डायवर," पोरगी म्हणली.

सटवानं मान खाली घातली. "मालक म्हणले, मला तिथं कुणी वळखलं तर इज्जत जाईल, तू घेऊन ये. आमी घेतली. तिन्ही."

"अरे मुडद्या, सुई तू टोचून घेतली तर रोग त्याचा जाईल व्हय!" बाई किंचाळल्या. मी कपाळाला हात लावला. आमचाच शिक्का बघून त्या पोरीनं नवऱ्याला जवळ केलतं.

लेकरू पोटातच गेलतं. पोरगी खाटेवर पडून एकच इचारत व्हती, "बाई, मी तर सगळी घेतली ना? मग माझं काय चुकलं?" माझा तर असा संताप झाला, की कार्डांचा गठ्ठा चुलीत घालावा वाटला.

आठ दिवसांनी युवराज स्वतः आला. तोंडाला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा, हातात तेच नंबरचं कार्ड. खुर्चीत बसायच्या आधीच इचारलं, "मॅडम, कुणाला कळणार तर न्हाई ना?"

बाईंचा आवाज त्या दिवशी टेबलाच्या पलीकडंबी गेला न्हाई.

"तुमच्या लेकराला कळलं."