सिसिलीच्या किनाऱ्यावर वटपौर्णिमा

आमच्या ह्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली आणि हॉस्पिटलातून घरी आल्या आल्या ह्यांनी जाहीर केलं, "आता सिसिली बघायची." का सिसिली? तर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे तिथलं कॅलेंडर होतं. पोरगी म्हणाली, "मम्मी, जस्ट गो." जूनमध्ये इथे पृथ्वीच्या खालच्या टोकाला, अवोन्डेलला, भर हिवाळा, हाडं गारठतात, तिकडे भर उन्हाळा. निघालो.

जाणार असाल तर गाडी लहानात लहान घ्या. गावातल्या गल्ल्या बोळकंडीएवढ्या, आणि समोरचा गाडी मागे घेत नाही, नुसते हातवारे करतो. मोठ्या रस्त्यावर बोगद्यामागून बोगदे. बाहेर पडलं की डोळ्यांत निळाशार समुद्र, लगेच परत अंधार. सेलिनुन्तेची देवळं समुद्राला लागून. छप्पर नाही, देव नाही, तिकीट आहे. सवयीने पायातल्या रबरी जॅन्डल्स बाहेर काढल्या, तळवे भाजले, परत घातल्या.

त्रापानीला मिठागरं बघताना आठवलं, उद्या वटपौर्णिमा! स्प्रिंग बसल्यानंतरची पहिली. एरवी मी फार देवभोळी नाही, पण यंदा एकही फेरी सोडणार नव्हते. हॉटेलवाल्याला कागदावर पारंब्या काढून दाखवल्या. त्याने केस कापायचं दुकान दाखवलं. मग खोड काढलं, तेव्हा ओरडला, "पालेर्मो!"

पालेर्मोला एका जुन्या चौकातल्या बागेत झाड सापडलं. हुबेहूब वड, पारंब्या खांबासारख्या जमिनीत रुतलेल्या. आणि बागेच्या फाटकाला कुलूप. अख्खं गाव जेवून झोपलेलं, मी उपाशी.

"अहो, बाहेरूनच फेऱ्या घालते. तुम्ही सावलीत बसा."

"मी येतो की. माझ्यासाठीच आहे ना?"

बाग केवढी, ऊन केवढं! सूत कुंपणाच्या सळयांत अडकायचं, स्कूटरच्या आरशात अडकायचं. तिसरी फेरी संपली आणि मागे बघते तर हे पांढरेफटक, हात छातीवर. ज्याचं आयुष्य वाढवायचं तोच माझ्या फेऱ्यांत जायचा!

"बसा खाली!"

"चार राहिल्या."

"खड्ड्यात गेल्या चार! बसा म्हणते ना!"

सूत दिलं टाकून. कुंपणाबाहेरच्या बाकावर काळ्या कपड्यांतल्या तीन म्हाताऱ्या होत्या. त्यांनी सरकून ह्यांना आडवं केलं. एक पंख्याने वारा घालायला लागली, दुसरीने लिंबाचा ग्रानिता आणला. आपल्या बर्फगोळ्याचाच भाऊ, उपासाला चालतो. मेलबर्नला गवंडीकाम करून परतलेला एक म्हातारा तिथेच होता. त्याने इंग्रजीत विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून फेऱ्या. त्याने म्हाताऱ्यांना सांगितलं. त्या खो खो हसल्या.

"विचारतायत, हाच? परत? नक्की?"

"हो, हाच. काय करणार!"

"तिघींचे नवरे गेले. म्हणतात, आमचे आम्हाला परत नकोत, पण हा बरा दिसतो. राहिलेल्या फेऱ्या आम्ही घालतो."

आपल्याकडे विधवेला कुणी सूत धरू दिलं नसतं. मी दिलं. पर्सा काखेत मारून, आपसांत भांडत, चारही फेऱ्या पुऱ्या केल्या त्यांनी. दवाखान्यात दाखवलं, तर नुसतं ऊन लागलेलं. हृदय ठणठणीत.

परत आल्यावर फोटो बघायला येईल त्याला हे सांगतात, "तीन जन्म हिचे, चार सिसिलीचे." लोक हसतात, मीही हसते. पण एका शनिवारी भाजी आणते म्हणून निघाले आणि पार्कात गेले. तिथे तसलंच झाड आहे, ऑस्ट्रेलियातून आणून लावलेलं. पाऊस पडत होता. तिथी चुकीची, सूत संपलेलं, म्हणून स्वेटरची लोकर. त्या चार फेऱ्या माझ्या मी घातल्या.

कुत्रं फिरवणारा एक गोरा थांबला. "यू ऑलराइट, लव?"

"स्वीट अ‍ॅज," इथल्या बोलीत झकास म्हटलं, आणि गाठ घट्ट मारली.